मौनातली टाळी

उमाकांतराव गाडीखाली शिरले त्याला अर्धा तास होऊन गेला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे दोन पाय आणि पायांशी अंथरलेली जुनी सतरंजी. सतरंजीवर पाने, हातोडी, पेट्रोलची वाटी आणि विभाच्या जुन्या फ्रॉकची फडकी. मधुमती पायरीवर बसून त्या पायांकडे बघत होती. बोलत नव्हती, कारण अजून नैवेद्य व्हायचा होता.

चातुर्मासात तिचं मौन असायचं. सकाळी डोळे उघडले की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत एक अवाक्षर काढायचं नाही. सांगलीला तिची आई हा नेम करायची. आई गेल्यावर तो मधुमतीनं उचलला, आणि उमाकांतराव साठ्यांची बदली नागपूर, भोपाळ करत करत जयपूरला आली तरी सोडला नाही. घरच्यांना त्याची सवय झाली होती. मान हलवली की ‘हो’. एक टाळी म्हणजे ‘इकडे बघा’ किंवा ‘इकडे या’. विभा नववीत होती आणि निम्मं हिंदीतच बोलायची. ती म्हणायची, “आई, तू बोलत नाहीस ना, तेव्हाच जास्त रागावतेस. मतलब, डोळ्यांनी.”

मागच्या दोन खोल्यांत घरमालकीण राहायच्या, नारायणीबाई. अख्खी गल्ली त्यांना जीजी म्हणायची. त्यांनाही मधुमतीचं मौन पाठ होतं. नैवेद्य झाला की मधुमती मागच्या दारात उभी राहून एक टाळी वाजवायची, जीजी हात पुसत यायच्या, प्रसाद घ्यायच्या आणि म्हणायच्या, “ले, अब खोल अपना ताला!” मग दोघी आपापल्या भाषेत मनमोकळ्या बोलायच्या.

गेले दहा दिवस ती टाळी वाजली नव्हती. जीजी खाटेवर होत्या. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं.

*

सगळ्याचं मूळ एका दगडात होतं.

साठ्यांची अँबॅसिडर जुनी, कोणाकडून तरी घेतलेली. जयपूरच्या सोडाला भागातलं जीजींचं घर रस्त्यापासून चांगलं कमरेइतकं उंच, त्यामुळे फाटकापासून अंगणापर्यंत फरशीचा उतार केलेला होता. गाडी त्या उतारावर उभी राहायची, तोंड फाटकाकडे करून. हँडब्रेक नावालाच होता. उमाकांतराव गाडी गिअरमध्ये ठेवायचे आणि पुढच्या चाकाला एक काळा, गोल, पायलीएवढा दगड लावायचे. तीन वर्षं त्या दगडानं गाडी धरून ठेवली होती.

दसऱ्याला मधुमतीनं गाडीची पूजा केली. झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता. उठता उठता तिची नजर त्या दगडाकडे गेली. ऊन नाही, थंडी नाही, बिचारा वर्षभर छातीवर ओझं घेऊन बसतो. तिनं त्यालाही हळदकुंकवाचं बोट लावलं आणि एक फूल वाहिलं. तिच्या मनात एवढंच होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जीजींनी त्या दगडावर शेंदूर चढवला होता. तिसऱ्या दिवशी वर्ख लागला. समोरच्या घरातल्या सुनेनं पतासे, म्हणजे बत्तासे, ठेवले. आठवड्याभरात तो दगड भैरूजी, म्हणजे तिकडचा भैरोबा, झाला, आणि दूधवाला आत येताना सायकलवरून उतरून हात जोडायला लागला.

“बेटी,” जीजी पुढच्या बुधवारी दुपारी म्हणाल्या, “तूने ही पहला टीका लगाया। अब भैरूजी की छाती पे चक्का टिकाती है? राम राम।”

मधुमतीला ते पटलं. खरंच होतं ते. आपणच हात जोडायचे आणि आपणच त्यावर टायर टेकवायचा? त्याच संध्याकाळी दोघींनी मिळून दगड उचलला, धुतला आणि भिंतीलगतच्या कडुलिंबाखाली ठेवला. चाकाखाली काय? जीजींच्या कुंपणाचं काम झालं होतं त्यातली एक वीट कोपऱ्यात पडली होती. मधुमतीनं ती चाकाला लावून दिली.

उमाकांतरावांना तिनं सांगितलं नाही. लपवायचं असं नव्हतं. पण ते हसले असते. आधीच म्हणत होते, “आता जॅकलाही एक नारळ फोड, म्हणजे मिस्त्रीची गरज नाही.” उद्या सांगू म्हणत त्या रात्री राहूनच गेलं. शिवाय आदल्याच रविवारी उमाकांतरावांनी स्वतः हँडब्रेक आवळला होता. सीटच्या कडेचा दांडा वर ओढला की पूर्वी हातभर यायचा, तो आता तीन कट्टमध्ये घट्ट बसत होता. “बघ!” ते विभाला म्हणाले होते, “उगाच गॅरेजचे उंबरे झिजवायचे. एक नट फिरवायचा होता फक्त.” मग विटेचं काय एवढं.

एव्हाना कोजागिरी होऊन गेली होती. जीजींचा कार्तिक लागला होता, कारण तिकडे पौर्णिमेला महिना पालटतो. मधुमतीचा अजून आश्विनच चालू होता. जीजी पहाटे उठून कार्तिकस्नान करून देवळात जायच्या आणि नवाच्या सुमारास परत यायच्या. एकवीस वर्षांत त्यांचा एक दिवस चुकला नव्हता. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा नाही, असं त्या अभिमानानं नव्हे, साधेपणानंच सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, उमाकांतरावांनी गाडी सुरू केली. थंडी पडायला लागली होती, इंजिन तापायला वेळ लागायचा. गाडी गिअरमधून काढून, हँडब्रेक ओढून, इंजिन घुरघुरत ठेवून ते उतरले. बॅग आत राहिली होती. पायरी चढताना त्यांनी तुळशीपाशी उभ्या असलेल्या मधुमतीला विचारलं, “अगं, दगड आहे ना चाकाला?”

तिनं मान हलवली.

दगड नव्हता, वीट होती. पण एवढं सगळं मानेनं कसं सांगायचं? आणि नैवेद्याला दहाच मिनिटं उरली होती. चाकाला काहीतरी आहे हे तर खरं होतं. म्हणून तिनं मान हलवली, आणि ते निर्धास्त आत गेले.

फाटक उघडंच होतं. हातात तांब्या आणि पदराखाली प्रसादाचा द्रोण घेऊन जीजी आत येत होत्या. मधुमतीला आधी आवाज आला, बिस्किट मोडल्यासारखा. मग दिसलं की गाडीचं नाक हललंय.

ओरडायचं होतं तिला. तोंड उघडलं की नाही हे तिला पुढेही कधी आठवलं नाही. आठवत होतं ते एवढंच की तिचे दोन्ही हात आपोआप वर आले आणि तिनं टाळी वाजवली.

जीजी थांबल्या. गाडीकडे न बघता त्यांनी तिच्याकडे बघितलं. हसल्यासुद्धा.

गाडी फार जोरात आली नव्हती. फाटकाच्या खांबाला टेकून थांबली. पण खांब आणि बंपर यांच्यामध्ये जीजींचा पाय होता.

*

घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर. पुढे काठीशिवाय चालता येईल की नाही, या वयात सांगता येत नाही. कार्तिकस्नान तीनच दिवसांत तुटलं. जीजींचा मुलगा सत्यनारायण चौमूं गावाहून धावत आला. तिथं त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. तो पोलिसांत जायला निघाला होता, जीजींनी जाऊ दिलं नाही. मग त्यानं दवाखान्याच्या व्हरांड्यात उमाकांतरावांना गाठलं.

“साठे साहब, आप तो बीमेवाले हो। दूसरों की गाड़ी की गलती पकड़ते हो। अपने घर में खुद ही मिस्त्री बन गए?”

उमाकांतरावांनी खाली मान घातली. ते खरोखरच विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासायचे. ‘वाहनाची योग्य ती निगा राखली नव्हती’ हे वाक्य त्यांनी किती फायलींवर लिहिलं असेल. त्या दिवसापासून ते जेवायला बसले तरी मध्येच थांबायचे. “तीन कट्टला घट्ट बसत होता गं,” म्हणायचे. “मी स्वतः बघितलं. शिवाय दगड होता. दगडावरून गाडी जाते म्हणजे ब्रेक मुळातच लागला नसणार.”

आणि मधुमती त्यांच्या पानात भात वाढायची.

फुटलेल्या विटेचा चुरा त्याच सकाळी कामवालीनं झाडून टाकला होता. कडुलिंबाखालच्या दगडाकडे बोट दाखवून विभा म्हणाली, “बाप रे, तो तिथपर्यंत उडाला?” कोणी काही बोललं नाही, म्हणून ते तसंच ठरून गेलं. दगड उडाला. गल्लीतल्या बायका तर म्हणायला लागल्या की भैरूजी स्वतः बाजूला झाले पण जीजींचा जीव वाचवून गेले.

खोटं असं मधुमती एकदाही बोलली नव्हती. देवापुढं बसली की ती हेच सांगायची. पण पोथीचा अध्याय वाचून झाला तरी काय वाचलं ते कळायचं नाही.

*

आज रविवार. अकराच्या सुमारास सत्यनारायण येणार होता. उमाकांतरावांनी रात्रीच सांगून टाकलं होतं, “त्याला समोर बसवून कबूल करतो. चूक माझी आहे. दिवाळीनंतर घर सोडतो म्हणून सांगतो. जीजींच्या डोळ्यांसमोर रोज ही गाडी नको. पण त्याआधी मला बघायचंय, नेमकं काय चुकलं ते.”

म्हणून सकाळी सात वाजताच त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये अंगणातल्या सपाट जागेत नेली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. मागची बाजू जॅकवर उचलून खाली जाड लाकडी ओंडके सारले, आणि ते नीट बसलेत का हे गाडीला धक्का देऊन चार वेळा पाहिलं. पूर्वी त्यांनी एकदाच पाहिलं असतं.

डावं चाक निघालं. मग आतला ड्रम. तो हातोडीनं हळूहळू ठोकत ठोकत सुटला. उमाकांतराव त्यात वाकून बघतच राहिले.

“मधू, इकडे ये.”

ती गेली. ड्रमच्या आत दोन अर्धगोल बूट होते, चाकाला दाबून धरणारे. त्यांच्यावरचे लायनर काळेकुट्ट, चकचकीत, कढईच्या बुडासारखे तुपकट झाले होते. उमाकांतरावांनी बोट फिरवलं, बोट तेलानं माखलं.

“एक्सलचं सील गेलंय. तेल झिरपतंय, कोणास ठाऊक किती महिने. हे चाक काय धरणार? उजवं धरत होतं एकटं, तेही अर्धवट.” ते तिथंच खाली बसले. “आणि मी काय केलं? आधी चाकं उघडायची, बूट ड्रमला भिडवून घ्यायचे, मग शेवटी केबल ताणायची. मी नुसती केबल ताणली. दांडा घट्ट लागला म्हणून खूश झालो. दोरी ओढून बघितली गं, चाक बघितलंच नाही.”

त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मोठा श्वास घेतला. “बरं झालं. निदान कळलं तरी. आता सत्यनारायणजींना खरं काय ते सांगता येईल. दुसऱ्या कोणाची नाही, सगळी माझीच चूक.”

मधुमती ते लायनर बघत उभी राहिली. तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली. म्हणजे ब्रेक नव्हताच. म्हणजे दगडाचा विषय आता कोणी काढणार नाही. उमाकांतराव सगळं कबूल करतील, घर सोडतील, पुढच्या गावी जातील, आणि तिला जन्मात कोणी विचारणार नाही. देवानं दार उघडून दिलं म्हणावं, की हे भलत्याच कोणाचं दार होतं?

उमाकांतरावांनी ड्रम पेट्रोलनं पुसून काढला. सील आणि नवे लायनर ते शंका म्हणून शनिवारीच बाजारातून घेऊन आले होते. ते बसवायला तास-दीड तास गेला. चाक चढवलं. मग चाकामागच्या चौकोनी नटाला पाना लावून ते एकेक खाच फिरवत गेले. चाक जाम झालं की एक खाच मागे, आणि हातानं फिरवून कान लावून ऐकायचं. नुसतं घासलं पाहिजे, अडलं नाही पाहिजे. डावं झालं, उजवं झालं. त्या कामात एक शांती होती. देवाची भांडी घासताना असते तशी. मधुमतीला वाटलं, हे असंच चालू राहावं, अकरा वाजूच नयेत.

नऊ वाजले. नैवेद्याचा शिरा झाकून ठेवलेला होता.

“आता शेवटचं,” गाडीखालून आवाज आला. “तू आत सीटवर बस. मी केबलचा नट धरतो. तू दांडा ओढ, घट्ट बसेपर्यंत. कितव्या कट्टला धरतो ते मला कळायला पाहिजे. तुझं मौन आहे ना? मग तितक्या टाळ्या वाजव.”

मधुमती सीटवर जाऊन बसली. काचेतून फाटक दिसत होतं. खांबाचा चुना जिथं खरवडला होता तिथं लाल वीट उघडी पडली होती.

“हं, ओढ.”

तिनं दांडा ओढला. कट्ट. कट्ट. कट्ट. कट्ट. पाचव्याला दांडा हाताला भिडला आणि थांबला. मागं कुठंतरी लोखंड कुरकुरलं.

“वाजव.”

तिनं हात उचलले. एकमेकांसमोर आणले. मध्ये वीतभर जागा होती, ती काही केल्या मिटेना. समोर फाटक होतं आणि फाटकात जीजी हसत होत्या.

“अगं वाजव की! धरला की नाही? मधू?”

“पाच.”

तिचा स्वतःचा आवाज तिला घोगरा, परका वाटला. गाडीखाली पाना फरशीवर पडला.

“अगं… नैवेद्य व्हायचाय ना अजून?”

“पाचव्याला धरला. टाळी नाही वाजवणार मी. आज नाही.” ती खाली उतरली. खाली उतरून त्या दोन पायांशी उभी राहिली, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं. “अहो, चाकाला दगड नव्हता.”

पाय हलले नाहीत.

“जीजी म्हणाल्या भैरूजीवर चाक नको, म्हणून आम्ही तो कडुलिंबाखाली नेला. मी वीट लावली होती. ती फुटली. तुम्ही विचारलंत, मी मान हलवली. वीट आहे हे मानेनं सांगता येईना, आणि एका शब्दासाठी मौन मोडायचं माझ्या जिवावर आलं. एका शब्दासाठी.” तिनं गाडीच्या दारावर हात टेकला. “गाडी सुटलेली मी बघितली. ओरडले नाही. टाळी वाजवली मी. जीजी माझ्याकडे बघायला लागल्या. गाडीकडे बघत असत्या तर मागं सरकल्या असत्या. मी त्यांची नजर काढून घेतली.”

कुठंतरी रेडिओवर भजन चालू होतं. उमाकांतराव बाहेर आले नाहीत. गाडीखालूनच विचारलं, दाव्याच्या चौकशीत विचारतात त्या आवाजात, “वीट अख्खी होती?”

“अख्खी होती. पण भुसभुशीत. मला कळायला हवं होतं.”

“आणि दगड उडाला, असं विभा म्हणाली तेव्हा तू तिथंच होतीस.”

“होते.”

ते हळूहळू सरकत बाहेर आले. कपाळावर तेलाचा पट्टा होता. तिला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मधू,” ते म्हणाले, “मौन तर रोज साडेनवाला सुटतं. दहा दिवस संध्याकाळी, रात्री, तू माझ्याशी बोलत होतीस. भाजी काय करू म्हणून विचारत होतीस.”

मौनाचा नेम तिनं मोडला नव्हता, पण त्याच्या आड ती बसली होती, दहा दिवस, ऊनपाऊस लागू न देता. हे तिला तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकताना कळलं.

पाना उचलून ते म्हणाले, “पाच जरा जास्तच आहेत. चार पाहिजेत. बस आत.”

ती पुन्हा बसली. त्यांनी नट दोन आटे आवळला.

“ओढ.”

“एक,” ती म्हणाली. “दोन. तीन. चार. धरला.”

“परत.”

“एक. दोन. तीन. चार. धरला.”

त्यांनी दोन्ही मागची चाकं हातांनी फिरवायचा प्रयत्न केला. दोन्ही हलली नाहीत. “आता धरली,” ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही.

*

सत्यनारायण साडेदहालाच आला. स्कूटर बाहेर लावून तो थेट जीजींच्या खोलीत गेला. विभा तिथं जीजींना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, तिला उमाकांतरावांनी बाहेर पाठवलं. मग ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, धुतलेल्या पण अजून काळ्या हातांनी, आणि सील, तेल, केबल, सगळं नीट सांगितलं. काही सोडलं नाही. सत्यनारायण मध्येच म्हणाला, “मतलब मैंने जो कहा था, वही हुआ।”

“हाँ,” उमाकांतराव म्हणाले. मधुमतीकडे त्यांनी बघितलं नाही, पण एक पाऊल बाजूला झाले.

मधुमतीला हिंदी यायचं ते बाजारापुरतं. तरी ती बोलली. दगड, वीट, मान. अडखळत, मराठीच घुसवत. सत्यनारायणच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

“कमाल करते हो आप लोग! दस दिन से सब भैरूजी का चमत्कार बता रहे थे, और भैरूजी को तो पहले ही उठा के पेड़ के नीचे बिठा दिया था? किसने कहा था हटाने को?”

“मैंने,” खाटेवरून जीजी म्हणाल्या.

सत्यनारायण वळून खाटेकडे बघायला लागला.

“मैंने कहा, मैंने ही उठवाया। तू इन पर चिल्ला रहा था, तब भी मुझे पता था। मैं भी चुप रही।” जीजींनी पायावरची गोधडी उगीचच सारखी केली. “सोचा, इसने अपने घरवाले को नहीं बताया होगा। मैं बोलूँगी तो इसके घर में कलह होगी। फिर यह भी लगा कि मेरे भैरूजी की बदनामी होगी। किसके लिए चुप थी, अब मुझे भी ठीक-ठीक नहीं मालूम।”

“जीजी,” मधुमती म्हणाली, “अजून एक आहे.” आणि मग तिला हिंदी शब्दच आठवेना. तिनं हात पुढे केले, तळवे एकमेकांसमोर धरले. वाजवले नाहीत.

जीजी त्या हातांकडे बघत राहिल्या.

“हाँ,” त्या म्हणाल्या. “सुनी थी मैंने ताली। मुझे लगा आज प्रसाद जल्दी हो गया।”

मधुमती खाटेच्या काठाशी खाली बसली. तिला वाटत होतं जीजींनी एक थप्पड मारावी. जीजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, ‘जाने दे’ म्हणाल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “इक्कीस साल में पहली बार कार्तिक खंडित हुआ मेरा। रोज भोर में आँख खुलती है, पाँव ज़मीन पर रखने लगती हूँ, फिर याद आता है।” मग पायाकडे बघून, “दुखता है, बेटी। झूठ क्या बोलूँ।”

सत्यनारायण उठला. दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला. “घर खाली करने की बात दिवाली के बाद देखेंगे,” तो म्हणाला. आवाज नरम नव्हता, पण पहिल्यासारखा चढलेलाही नव्हता. उमाकांतराव ‘हो’ म्हणाले. ते आणि तो अंगणात गेले. थोड्या वेळानं दांडा ओढल्याचा कट्ट कट्ट आवाज आला. सत्यनारायण स्वतः तपासून बघत असावा.

खोलीत दोघीच राहिल्या. शिरा गार झाला होता, नैवेद्य राहिला होता, आजचा नेम तर सकाळीच गेला होता. मधुमतीनं जीजींच्या पायाखालची उशी नीट केली. प्लास्टरच्या टोकाशी बोटं सुजून निळसर झाली होती.

“उद्यापासून,” ती म्हणाली, “पहाटे मी येईन. तुमची बादली भरीन. तुम्ही बसून आंघोळ करा, पाय बाहेर ठेवून. महिना पुरा होत नाही, मला माहीत आहे. पण जितका होईल तितका.”

“और तेरा मौन?”

मधुमतीला मौन सोडायचं नव्हतं. आईचा नेम होता तो, आणि एकादशीला अजून दोन आठवडे होते.

“मौन असेल,” ती म्हणाली. “पण तुम्ही पडायला लागलात तर मोडीन.”

जीजींना मराठी निम्मं कळलं की पूर्ण, कोण जाणे. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “ताली मत बजाना। नाम ले के बुलाना मुझे। ज़ोर से।”

“जीजी?”

“नाम मेरा नारायणी है।”

मधुमतीनं वयानं इतक्या मोठ्या माणसाला कधी नावानं हाक मारली नव्हती. जीभ रेटेना. बाहेर पुन्हा चार कट्ट झाले आणि थांबले. तिनं दाराकडे बघून घेतलं आणि मग हाक मारली.